रायवळ की कलमी? सी६/३६ पेशींच्या नावाचं प्रकरण

एम.एस्सी.च्या शेवटच्या सहामाहीतला प्रकल्प. डेंग्यूचा विषाणू डासाच्या पेशीत शिरला की पेशी त्याला कसं तोंड देते, हा विषय. विद्यार्थिनी हाताची स्वच्छ, नोंदवही नीट ठेवणारी. तिच्या अहवालाचा कच्चा खर्डा माझ्याकडे तपासायला आला. ‘साहित्य आणि पद्धती’खाली पेशींबद्दल दोनच वाक्यं होती: ‘एडिस अल्बोपिक्टस डासाचा सी६/३६ स्ट्रेन वापरला. या पेशी क्लोन असल्याने सर्व एकसारख्या आहेत.’ आणि निष्कर्षात एकच, पण ठसठशीत: ‘डासाच्या पेशींमध्ये विषाणूविरुद्धची आरएनए-हस्तक्षेप यंत्रणा काम करत नाही, असे आढळले.’

प्रयोग बरोबर होता, हे आधी सांगते. कीटकांकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की डायसर-२ नावाचं प्रथिन त्याचे २१ अक्षरांचे तुकडे पाडतं, आणि त्या तुकड्यांचा माग धरून बाकीचा विषाणू कापला जातो. हाच तो आरएनए-हस्तक्षेप. तिने संसर्गानंतर पेशींतले बारीक आरएनए बाहेरून सिक्वेन्स करून आणले होते. २१ अक्षरी तुकड्यांचा ढीग दिसायला हवा होता, तो नव्हता. आलेखात त्या जागी सपाट जमीन. तिने जे पाहिलं ते लिहिलं.

पण जिवंत एडिस डासात हीच यंत्रणा व्यवस्थित चालते. एडिस इजिप्टीत डायसर-२ दाबलं की डेंग्यूचा विषाणू जास्त वाढतो, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं आहे. म्हणजे तिचं मोजमाप खरं आणि निष्कर्ष खोटा. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी काहीतरी निसटलं होतं. मला वाटतं ते त्या दोन वाक्यांतल्या नामांतून निसटलं: ‘डासाच्या पेशी’, ‘स्ट्रेन’, ‘क्लोन’, ‘एकसारख्या’.

‘पण मॅडम, पेशी डासाच्याच आहेत ना?’ तिने विचारलं.

आहेत. पण कोणत्या डासाच्या, कधीच्या, आणि मधल्या काळात त्यांचं काय काय झालंय? मग आम्ही खर्डा बाजूला ठेवला आणि त्या पेशींची वंशावळ काढायला बसलो. ती पुण्यातच सुरू होते, हे तिला माहीत नव्हतं.

अळ्या कातरल्या त्या दिवसापासून

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं. १९७८ पासून आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे बोलीत एनआयव्ही, म्हणतो. डासांनी आणि गोचिडांनी पसरणारे विषाणू हे तिथलं मुख्य काम. त्या काळी असा विषाणू रुग्णाच्या रक्तातून वेगळा करायचा तर दूधपित्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचावं लागे आणि पिल्लं आजारी पडायची वाट पाहावी लागे. डासाच्याच पेशी बाटलीत वाढवता आल्या तर काम किती सोपं झालं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण कीटकांच्या पेशी बाटलीत टिकवणं ही तेव्हा नवी विद्या होती. पतंगाच्या पेशींचा पहिला टिकाऊ वंश ऑस्ट्रेलियात टी. डी. सी. ग्रेस यांनी १९६२ मध्ये उभा केला होता.

के. आर. पी. सिंग यांनी पुण्याच्या केंद्रात एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्टी या दोन डासांच्या नुकत्या अंड्यातून निघालेल्या अळ्या घेतल्या, कातरल्या आणि पोषकद्रवात वाढवल्या. १९६७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. त्याच्या मथळ्यात शब्द आहे ‘पेशी-संवर्धनं’. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, सिंग आणि एस. डी. पॉल यांचा याच पेशींत विषाणू वाढवल्याचा निबंध आला, आणि त्याच्या मथळ्यात त्याच पेशी ‘सेल लाइन्स’ झाल्या. मग १९६९ मध्ये डेंग्यूवरच्या निबंधात पुन्हा ‘संवर्धनं’. मथळा लिहिताना कुणी एवढा काटा लावत नाही, हे खरं. तरी या दोन शब्दांत फरक आहे, आणि तो घरातल्या दह्यावरून सहज कळतो.

दुकानातून आणलेल्या दह्याने घरी पहिल्यांदा दही लागलं, तोवर तुम्ही फक्त एकदा दही लावलंय. त्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात घातलं की ते विरजण झालं. त्याची पिढी सुरू झाली. पेशींचंही तसंच. ऊतीतून काढलेल्या पेशी बाटलीत ठेवल्यापासून त्यातल्या काही दुसऱ्या बाटलीत काढेपर्यंत जे असतं ते प्राथमिक संवर्धन. पहिल्यांदा यशस्वीपणे दुसऱ्या बाटलीत वाढल्या, त्या क्षणापासून ती सेल लाइन. अमेरिकेतल्या टिश्यू कल्चर असोसिएशनच्या संज्ञा-समितीने १९६६ च्या सुमाराला ही व्याख्या मांडली आणि १९९० च्या सुधारित यादीतही ती तशीच ठेवली.

इथे भाषेचं एक खुसपट काढते. मराठीत या शब्दासाठी ‘पेशीरेषा’ असं भाषांतर अधूनमधून वाचायला मिळतं. ते मला पटत नाही. इथली ‘लाइन’ म्हणजे कागदावर ओढलेली रेघ नव्हे. ती घराण्याची, वारसाची लाइन. देशी गाईंच्या ‘गीर वंशा’त जो वंश आहे, तो. म्हणून मी ‘पेशीवंश’ म्हणते, निदान लिहिताना. प्रयोगशाळेत मात्र सगळे ‘सेल लाइन’च म्हणतात, आणि ‘सेल्स कन्फ्लुएंट झाल्यात, आज स्प्लिट करू’ हे वाक्य कुठल्याही मराठी माणसाला बोलायला अडत नाही. बोलण्याला माझा आक्षेप नाही, लिहिताना मात्र अर्थ हरवू नये. ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द तर आपल्याकडे आधीच केळीच्या रोपांनी घेतला आहे. जळगावकडच्या शेतकऱ्याला टिश्यू कल्चर म्हणजे ग्रँड नैन. त्याला डासाच्या अळीचं टिश्यू कल्चर सांगायला गेलात तर तो फवारणीची औषधं शोधायला उठेल.

अजून एक गोष्ट त्या अळ्या कातरण्यात दडली आहे. अख्ख्या अळ्या कातरल्या, त्यामुळे मूळ पेशी आतड्याच्या होत्या, स्नायूच्या होत्या की त्वचेच्या, हे सांगता येत नाही. अळ्या नर की मादी हेही नाही. चावते फक्त मादी. विषाणू तिच्या आतड्यातून शिरतो आणि लाळग्रंथीतून बाहेर पडतो. म्हणून या पेशींना ‘डासाच्या आतड्याच्या पेशी’ म्हणणं जसं चूक, तसंच त्यांच्या आकारावरून त्यांना सरळ ‘उपकला पेशी’ (अवयवांचं अस्तर बनवणाऱ्या पेशी) म्हणणंही चूक. जाणकार ‘उपकलासदृश’, ‘तंतुपेशीसदृश’ असं लिहितात. त्या ‘सदृश’मध्ये बराच प्रामाणिकपणा आहे, आणि शब्दमर्यादा आली की पहिला बळी त्याचाच जातो.

‘स्ट्रेन’ कुठून आला?

विद्यार्थिनीने ‘स्ट्रेन’ लिहिलं ते विषाणूशास्त्राच्या सवयीने. विषाणूचा स्ट्रेन, जिवाणूचा स्ट्रेन, तसा पेशींचा स्ट्रेन. पेशींच्या जगात मात्र या शब्दाचा स्वतःचा आणि जरा भांडखोर इतिहास आहे.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये मानवी गर्भाच्या पेशींवरचा निबंध छापला. या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. कर्करोगाच्या पेशी मात्र थांबत नाहीत. त्यांना हा फरक नावातच दाखवायचा होता. म्हणून ज्या पेशींचं आयुष्य मर्यादित आहे, गुणसूत्रं शाबूत आहेत, त्यांना त्यांनी ‘सेल स्ट्रेन’ म्हटलं. न थांबणाऱ्यांसाठी ‘सेल लाइन’ राखून ठेवलं. पुढे समितीने हे वाटप मोडलं. तिच्या व्याख्येत पहिल्या यशस्वी उपसंवर्धनानंतर सगळ्याच लाइन झाल्या. मर्यादित आयुष्याची लाइन, अखंड चालणारी लाइन, असा भेद विशेषणांनी करायचा ठरलं. ‘स्ट्रेन’ हा शब्द एखाद्या ठरावीक गुणासाठी किंवा खुणेसाठी मुद्दाम निवडलेल्या पेशींना दिला गेला.

म्हणजे १९६१ चा निबंध वाचणाऱ्याला ‘स्ट्रेन’ म्हणजे ‘मरणारी’ असं वाटेल, आणि १९९० नंतरचा वाचणाऱ्याला ‘निवडलेली’. दोघेही आपापल्या जागी बरोबर. गंमत अशी की विद्यार्थिनीचा ‘स्ट्रेन’ नव्या व्याख्येत चुकून थोडासा बसतोही, कारण सी६/३६ खरोखरच निवडून काढल्या आहेत. पण त्या कशासाठी निवडल्या, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिच्या निष्कर्षाची चूक नेमकी त्या निवडीत होती.

ओसाकातलं कलम

‘क्लोन’ हा शब्द ग्रीकमधून आला. मूळ अर्थ डहाळी. हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये तो वनस्पतिशास्त्रात आणला, तो कलमं आणि फुटव्यांपासून वाढवलेल्या झाडांसाठी. कोकणातल्या माणसाला क्लोन समजावायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कोय पेरून आलेला रायवळ आंबा: प्रत्येक झाडाची चव निराळी, कुठलं गोड, कुठलं तंतूचं, कुठलं नुसतं लोणच्याचं. आणि हापूसचं कलम: एका झाडाच्या डहाळीपासून शेकडो झाडं, सगळी त्याच घरची.

सिंग यांच्या पेशी म्हणजे रायवळीची बाग. अनेक अळ्या, अनेक अवयव, म्हणून बाटलीत अनेक स्वभावांच्या पेशी. त्यातल्या काही विषाणूला सहज बळी पडायच्या, काही दाद द्यायच्या नाहीत. अकिरा इगाराशी यांनी ओसाकामध्ये या बागेतून एकेक पेशी अलग करून वाढवली, प्रत्येक कुळात डेंग्यू आणि चिकुनगुनिया किती वाढतो ते पाहिलं आणि सर्वांत चांगलं पीक देणारं कूळ ठेवून घेतलं. १९७८ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. निबंधाच्या मथळ्यातच म्हटलं आहे की हा सिंग यांच्या एडिस अल्बोपिक्टस पेशींचा, डेंग्यू आणि चिकुनगुनियाला संवेदनशील असलेला क्लोन आहे. हाच सी६/३६. पुण्याचं बी आणि ओसाकाचं कलम. आज डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून वेगळा करायचा म्हटलं की जगभर बहुतेक ठिकाणी याच पेशींची बाटली २८ अंश सेल्सिअसच्या कपाटातून बाहेर येते.

विद्यार्थिनीने ‘संवेदनशील’ हा शब्द दोनदा वाचला. मग तिची ट्यूब पेटली.

ज्या कुळात विषाणू भरपूर वाढतो तेच कूळ मुद्दाम निवडलं, तर त्यात बचावाची यंत्रणा लंगडी निघण्याची शक्यता आधीच मोठी. आणि ती लंगडीच आहे. २०१० मध्ये दिसून आलं की सी६/३६ मध्ये विषाणूचे २१ अक्षरी तुकडे पडतच नाहीत. २०१२ मध्ये कारण सापडलं: डायसर-२ च्या जनुकात एक अक्षर गळलेलं आहे, दोन्ही प्रतींत, त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. सिंग यांच्याच पेशींची दुसरी शाखा, यू४.४, हिच्यात मात्र हे जनुक धड आहे आणि यंत्रणा चालते. तिसरी शाखा सी७/१०, तिचंही डायसर-२ बिघडलेलं, पण बिघाड निराळा. तीन भावंडं, आजोबा एकच.

म्हणजे तिला जे आढळलं ते डासाबद्दल नव्हतंच. ते ओसाकात निवडलेल्या एका पेशीच्या वारसांबद्दल होतं. अमरत्व मिळालं पण कपाळावरची जखम कायमची, अशी अश्वत्थाम्याची गत सी६/३६ ची झाली आहे. तिला ‘डास’ म्हणणं म्हणजे अश्वत्थाम्याकडे बघून सगळ्याच माणसांना कपाळावर जखम असते असं म्हणणं.

राहिला ‘एकसारख्या’. इथे तर समितीने १९९० च्या यादीत स्पष्ट इशाराच दिला आहे: क्लोन म्हणजे एका पेशीपासून आलेला समूह एवढंच, तो एकजिनसी असेलच असं नाही. कलमी झाडाचीही एखादी फांदी कधी वेगळी फळं देते. पेशी विभागताना चुका होत राहतात, आणि बाटलीत जी पेशी जरा वेगाने वाढते ती हळूहळू बाकीच्यांना मागे टाकते. सी६/३६ ची एचटी नावाची एक उपशाखा तर जास्त तापमानाला सरावलेली म्हणूनच वेगळी ओळखली जाते.

बाटलीवरचा आकडा

नोंदवहीत बाटलीच्या पुढे ‘पी-११’ लिहिलेलं होतं, म्हणजे अकरावा पॅसेज. एका बाटलीतून दुसरीत काढणं म्हणजे एक पॅसेज. मी विचारलं, कुठून मोजलेत अकरा? तिने सांगितलं, गोठवलेली नळकांडी नायट्रोजनमधून काढल्यापासून. म्हणजे हा ११ आमच्या कपाटातला. पुणे ते ओसाका ते पेशीसंग्रह ते आमची प्रयोगशाळा, एवढ्या प्रवासातली विरजणं त्यात धरलेली नाहीत. दह्याचं विरजण सासूबाईंकडून आलं आणि तुम्ही लग्नाच्या दिवसापासून मोजायला लागलात, तसं.

शिवाय पॅसेज आणि दुप्पट होणं या दोन गोष्टी वेगळ्या. एका बाटलीच्या चार केल्या आणि त्या पुन्हा भरल्या, तर एका पॅसेजमध्ये पेशी दोनदा दुप्पट झाल्या. दहा केल्या तर तीनपेक्षा थोड्या जास्त वेळा. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे ‘पी-११’ सारखे नसतात. आपण कितीला किती वाटतो हे लिहिलं नाही तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. सी६/३६ पेशींना बाटलीपासून सोडवायला ट्रिप्सिन या एन्झाइमचीही गरज नसते. बाटली टिचकी मारून हलवली किंवा अलगद खरवडलं की सुटतात. माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींना मात्र सहसा एन्झाइम लावावं लागतं, आणि तिथे पॅसेज म्हणजे पेशींना दर वेळी एक झटका.

नावात असलेलं आणि नसलेलं

इतकं झाल्यावर ती म्हणाली, ‘निदान एडिस अल्बोपिक्टस तरी बरोबर आहे ना?’

या बाबतीत आपण नशीबवान. ग्रेस यांनीच १९६६ मध्ये एडिस इजिप्टीच्या म्हणून जाहीर केलेल्या पेशी १९७२ मध्ये तपासल्या, तर त्या डासाच्या नव्हत्याच. त्या होत्या त्यांच्याच पहिल्या वंशातल्या पतंगाच्या. एका बाटलीतून दुसरीत गेलेल्या चार थेंबांनी सहा वर्षं नाव खोटं ठेवलं. सिंग यांच्या पेशी मात्र नावाप्रमाणे निघाल्या. अमेरिकेच्या एटीसीसी संग्रहात त्या सीसीएल-१२५ (इजिप्टी) आणि सीसीएल-१२६ (अल्बोपिक्टस) म्हणून आहेत, तर सी६/३६ सीआरएल-१६६० म्हणून. आता कीटकपेशींची जात पटवायला मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा तुकडा वाचला की पुरतं. मधल्या काळात डासाच्याच गोत्राचं नाव स्टेगोमाया करावं की एडिसच ठेवावं यावर शास्त्रज्ञांमध्ये भांडण झालं ते वेगळं. पेशी त्या भांडणात पडल्या नाहीत.

नाव बरोबर असलं तरी बाटलीत फक्त डासच आहे असंही नाही. १९७५ मध्ये स्टोलर आणि थॉमस यांनी पाहिलं, की पेलेग या दुसऱ्या संशोधकाच्या एडिस इजिप्टी पेशींतला द्रव सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींवर टाकला की त्या एकमेकींत मिसळून मोठमोठे गोळे होतात. त्या इजिप्टी पेशींत एक विषाणू गुपचूप नांदत होता. माणसाला काही न करणारा, डेंग्यूचाच दूरचा नातेवाईक. सी६/३६ मध्येही १९९३ मध्ये डेन्सोव्हायरस गटातला एक विषाणू सापडला. ‘निर्जंतुक’ म्हणजे जिवाणू-बुरशी नाही एवढंच. ‘निर्विषाणू’ म्हणायचं तर वेगळी तपासणी लागते. आम्ही ती केली नव्हती, म्हणून तसं अहवालात सरळ लिहायचं ठरलं.

प्रयोग पुन्हा करायला वेळ नव्हता. यू४.४ पेशी मागवून एक तुलना करणं शक्य होतं, ती तिने केली, आणि तिथे २१ अक्षरी तुकड्यांचा उंचवटा नीट दिसला. शीर्षकातला ‘डासाच्या पेशींमधील’ हा शब्दसमूह जाऊन तिथे ‘एडिस अल्बोपिक्टसच्या दोन पेशीवंशांमधील’ आलं. पद्धतींतला परिच्छेद दोन वाक्यांवरून असा झाला:

‘सी६/३६ पेशी वापरल्या. हा पुण्यात १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टसच्या संपूर्ण अळ्यांपासून तयार झालेल्या अखंड पेशीवंशाचा, १९७८ मध्ये विषाणू-संवेदनशीलतेसाठी निवडलेला क्लोन आहे. यातील डायसर-२ जनुक निकामी आहे. तुलनेसाठी त्याच मूळ वंशाची यू४.४ शाखा घेतली, जिच्यात हे जनुक कार्यक्षम आहे. पेशी २८ अंश सेल्सिअसला, एकास चार या प्रमाणात वाटून वाढवल्या. या प्रयोगशाळेत गोठणातून काढल्यापासूनचे पॅसेज ११ ते १६. अंतर्गत विषाणूंसाठी तपासणी केलेली नाही.’

परीक्षक म्हणाले, साहित्याचा परिच्छेद जरा लांबलाय. तिने तो तसाच ठेवला.